दुसरं कडवं नसलेलं गाणं

इंग्लंडमधल्या लग्नांत मी साउंडचं काम करतो. शनिवारी रात्री पावणेबारा वाजले की आमचे मालक साउंडच्या मिक्सरपाशी यायचे, डीजेच्या खांद्यावर दोन बोटं टेकवायचे आणि काही न बोलता निघून जायचे. त्या दोन बोटांचा अर्थ मला तिसऱ्या की चौथ्या लग्नात कळला. आता ते गाणं लाव.

गिटारचे पहिले काही सूर वाजायचे आणि हॉलचं रूप बदलायचं. बाहेर थंडीत सिगारेट ओढत उभे असलेले लोक अर्धी सिगारेट टाकून आत धावायचे. बारपाशी रांगेत असलेली माणसं रांग सोडायची. मी केबलच्या पेटीवर बसून बघत असायचो. एका लग्नात सत्तरीच्या पुढच्या एक आजी होत्या, नवरदेवाच्या आजी असाव्यात. संध्याकाळभर खुर्चीत बसून होत्या. हे गाणं लागलं तशा उठल्या, चंदेरी बूट काढून एका हातात घेतले आणि अनवाणी, त्या लाकडी फरशीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत त्यांना सगळं पाठ होतं. गाणं आलं तेव्हा त्या साठीच्या आसपास असतील. म्हणजे साठीत त्यांनी ते पाठ केलं. का केलं असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यात त्या रात्रीपासून आहे.

गाणं 'मिस्टर ब्राइटसाइड', 'द किलर्स' या बँडचं. पहिल्यांदा प्रसिद्ध झालं २००३ साली, आणि मी हे लिहितोय त्या आठवड्यातही इंग्लंडमधल्या कुठल्या तरी लग्नात पावणेबाराला ते वाजणार आहे, याची मला खात्री आहे.

माझं सांगायचं तर मी तासगावचा. आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, लाउडस्पीकरचा धंदा होता. सुरुवातीला दोन कर्णे, एक ॲम्प्लिफायर आणि गंजलेला माईकचा स्टँड. पुढे मोठे बॉक्स आले, टेम्पो आला. लग्न, बारसं, जत्रा, ग्रामपंचायतीचा प्रचार, सगळीकडे आम्ही. गणपतीत रथोत्सवाला तर घरात कुणी सापडायचं नाही. वरातीपुढे बेंजो वाजत असेल तर त्याला माईक लावून द्यायचं काम माझ्याकडे असायचं, मी सातवी-आठवीत असल्यापासून. आण्णा शाळा जेमतेम शिकलेले, पण माणसं कधी नाचतात आणि कधी नुसती उभी राहतात हे त्यांना लांबून कळायचं. ते म्हणायचे, "पैलं गाणं कसलं बी लाव, शेवटचं चुकवू नगंस. माणूस मोकळा हून घरला गेला पायजे."

२०१४ मध्ये मी लीड्सला एमएस्सीसाठी आलो. विषय स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग. विद्यार्थ्यांना सत्राच्या काळात आठवड्याला वीस तास काम करायची परवानगी होती. मित्र हॉटेलात आणि दुकानात लागले, मी साउंडवाल्याकडे लागलो. मुलाखत अशी काही झालीच नाही. मालकांनी एक गुंता झालेली केबल माझ्याकडे फेकली, मी ती एक वेढा सुलटा, एक वेढा उलटा अशी गुंडाळून दिली, जशी आण्णांनी शिकवली होती. तेवढ्यावर काम मिळालं. यॉर्कशरमध्ये लग्नं बहुधा जुन्या कोठारांत होतात. दगडी भिंती, वर लाकडी तुळया, आजूबाजूला मेंढ्यांची कुरणं. पुढे नोकरी लागली, तरी महिन्यातून एखादा शनिवार मी अजून जातो. पैशासाठी जात नाही.

या गाण्याची जन्मकथा मी तेव्हा हळूहळू वाचून काढली, आणि ती मला फार जवळची वाटते.

लास वेगसमध्ये डेव्ह क्यूनिंग नावाचा एक गिटारवाला आयोवातून येऊन राहिला होता. दिवसा कपड्यांच्या दुकानात नोकरी. बँड काढायचा म्हणून त्यानं तिथल्या साप्ताहिकात जाहिरात दिली, आणि आवडत्या बँडांमध्ये इंग्लंडच्या ओएसिसचं नाव टाकलं. जाहिरातीला उत्तर आलं ब्रँडन फ्लॉवर्सचं. हा विशीतला मुलगा, हॉटेलात लोकांच्या बॅगा उचलणारा, आणि डोक्यात सगळी इंग्लंडची गाणी: द स्मिथ्स, न्यू ऑर्डर, डेपेश मोड. वाळवंटातल्या गावात राहून मँचेस्टरचा पाऊस ऐकणारा पोरगा. क्यूनिंगनं त्याला एक कॅसेट दिली. त्या कॅसेटवर गिटारची एक धून होती. तीच ही धून. दोघांनी मिळून लिहिलेलं हे पहिलं गाणं. पहिलंच. त्यानंतर त्यांनी पुष्कळ गाणी केली, काही फार सुंदर केली, पण लोकांनी पहिल्यालाच घट्ट धरलं.

शब्द फ्लॉवर्सचे, आणि ते घडलेलं होतं. त्यानं नंतर सांगितलं आहे की एका रात्री तो झोपला होता, काहीतरी बिनसलंय असं मनातून वाटलं म्हणून उठला आणि 'क्राउन अँड अँकर' या पबमध्ये गेला. तिथं त्याची मैत्रीण दुसऱ्या मुलाबरोबर होती. हा पब लास वेगसमध्ये आहे, पण आहे इंग्लिश पद्धतीचा. मला या योगायोगाचं फार अप्रूप वाटतं. नेवाडाच्या वाळवंटात उभारलेल्या खोट्या इंग्लंडमध्ये एका मुलाचं मन मोडलं, आणि खऱ्या इंग्लंडनं ते गाणं स्वतःच्या घरातलं म्हणून ठेवून घेतलं.

ड्रमर रॉनी व्हनूची ज्युनिअर नंतर आला. तो विद्यापीठात तालवाद्यं शिकत होता आणि पोटासाठी एका वेडिंग चॅपलमध्ये लग्नाचे फोटो काढायचा. रात्री विद्यापीठाच्या संगीत विभागातल्या खोलीत गुपचूप शिरून ही मंडळी तालीम करायची. लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसाचे ड्रम आता जगभरातल्या लग्नांत वाजतात. बँडचं नावसुद्धा इंग्लंडहून आलेलं: न्यू ऑर्डरच्या २००१ सालच्या 'क्रिस्टल' गाण्याच्या व्हिडिओत जो काल्पनिक बँड दाखवलाय, त्याच्या ड्रमवर लिहिलेलं नाव.

त्याच सुमाराला 'द स्ट्रोक्स'चा पहिला अल्बम आला. फ्लॉवर्स आणि क्यूनिंगनं तो ऐकला आणि आपलं सगळं काम त्यापुढे फिकं आहे असं वाटून जमवलेली गाणी टाकून दिली. एक ठेवलं. हे. (२०२३ च्या जानेवारीत हाच स्ट्रोक्स बँड मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेला. माझी बहीण तिथं होती. मी तिला फोनवर म्हटलं, यांच्यामुळे माझं आवडतं गाणं एकटं शिल्लक राहिलं. तिला गर्दीत काही ऐकू आलं नाही.)

आता गाण्याकडे येतो, कारण लोक नेहमी त्याच्या लोकप्रियतेबद्दल बोलतात आणि ते बांधलंय कसं याकडे कुणी बघत नाही.

गिटारची ती धून लांबून सोपी वाटते. मी शिकायला घेतली तेव्हा पहिल्या आठवड्यात करंगळी दुखायला लागली. बोटं खूप ताणावी लागतात. वरचे सूर जागच्या जागी राहतात आणि खालचा एकच सूर अर्धी पायरी घसरतो. तेवढ्यानंच पोटात काहीतरी हलल्यासारखं होतं. घराचा उंबरठा अंधारात अंदाजापेक्षा जरा खाली असावा आणि पाय पडताना क्षणभर जीव वर यावा, तसं. मग गाणारा येतो, आणि तो जवळजवळ एकाच सुरावर बोलत राहतो. मोठा गळा लागत नाही, तान नाही, हरकत नाही. मेलेल्या आवाजात, स्वतःला समजावत असल्यासारखं: मी बरा आहे, पिंजऱ्यातून बाहेर आलोय. मागे ड्रम मात्र एवढे वेगात, की हा माणूस बरा नाही हे ड्रमला ठाऊक आहे असं वाटतं. कोरस, म्हणजे ध्रुवपद, येईपर्यंत तो सूर दाबून धरलेला असतो, आणि मग एकदम वर उसळतो.

आणि दुसरं कडवं. ते नाहीच. कोरस संपल्यावर पहिलंच कडवं शब्दाला शब्द पुन्हा येतं. फ्लॉवर्सनं सांगितलंय की त्यानं दुसरं लिहिलंच नव्हतं. अल्बमवर जे रेकॉर्डिंग आहे तेही मुळात डेमो, म्हणजे कच्चा नमुना, म्हणून केलेलं. पुढे वेळ मिळाला असता तर एखाद्या शहाण्या माणसानं सांगितलं असतं, की बाबा, गोष्ट पुढे ने, ती परत येते का ते सांग, हा तिला विसरतो का ते सांग. तसं झालं असतं तर हे गाणं २००५ मध्येच संपलं असतं असं माझं ठाम मत आहे. गोष्ट पुढे जात नाही म्हणूनच ती खरी आहे. मत्सरानं जळणाऱ्या माणसाच्या डोक्यात दुसरं कडवं कधीच नसतं.

हे मला अनुभवानं माहीत आहे.

२०१५ चा हिवाळा. माझी मैत्रीण पुण्याला, मी लीड्सला, मध्ये साडेपाच तासांचं अंतर. मी लायब्ररीतून खोलीवर यायचो तेव्हा ती झोपलेली असायची. एका रविवारी तिनं ऑफिसच्या लोकांबरोबरच्या ट्रेकचे फोटो टाकले. राजमाची. पंधरा-वीस जणांचा घोळका, सगळे घामेजलेले, हसणारे. एका फोटोत तिच्या शेजारी एक मुलगा उभा होता आणि त्याच्या खांद्यावर तिची निळी सॅक होती. ती सॅक मी घेऊन दिली होती, अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानातून. बास, एवढंच. फोटोत बाकी काही नव्हतं. पण मी रात्रभर तो फोटो मोठा करून बघत होतो. सॅक त्यानं मागून घेतली की तिनं दिली? उतरताना की चढताना? उतरताना असेल तर ती दमली होती, म्हणजे त्यानं हात धरला असेल. हात धरला असेल तर. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते उगाच नाही.

गाण्यात हेच आहे. त्या माणसानं स्वतःच्या डोळ्यांनी फार थोडं पाहिलंय. बाकीचं, म्हणजे तिनं टॅक्सी बोलावली, त्यानं सिगारेट ओढली, मग ते घरी गेले, मग काय झालं असेल, हे सगळं तो अंथरुणावर पडून रचतोय, आणि हे सगळं माझ्या डोक्यातलं आहे हेही तोच म्हणतो. कळतंय आणि थांबवता येत नाही. मराठीत आपण याला संशय म्हणतो आणि संशय घेणाऱ्याला वाईट ठरवून मोकळे होतो. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला सांगणं शक्य नव्हतं, मित्रांना सांगायची लाज वाटत होती. त्याच्या पुढच्या शनिवारी स्किप्टनच्या बाजूला एक लग्न होतं. पावणेबाराला दोन बोटं टेकली, गाणं लागलं आणि दीडशे माणसं, त्यात लग्न झालेले, न झालेले, वडील, मावश्या, वेटर, सगळे माझ्या डोक्यातली गोष्ट छातीतून ओरडून सांगत होते. आणि हसत होते. मला रडू आलं. मी केबलच्या पेटीमागे जाऊन बसलो. आण्णा म्हणतात तसा मोकळा झालो.

(तो मुलगा तिचा टीम लीडर होता आणि तिच्या गुडघ्याला लागलं होतं. पुढे वर्षभरानं आम्ही वेगळे झालो ते अगदी दुसऱ्याच कारणानं, आणि अजून एकमेकांच्या वाढदिवसाला फोन करतो.)

चंदेरी बूट हातात घेतलेल्या त्या आजींनी हे गाणं का पाठ केलं असेल, याचं उत्तर मला त्या रात्री थोडंफार मिळालं.

या देशात त्या गाण्याचा प्रवासही सरळ नव्हता. अमेरिकेतल्या कंपन्यांनी बँडकडे पाठ फिरवली तेव्हा लंडनच्या 'लिझर्ड किंग' नावाच्या छोट्या कंपनीनं त्यांना घेतलं. सप्टेंबर २००३ मध्ये निघालेल्या प्रती फक्त ५००. आमच्याकडे एका लग्नाच्या पत्रिका त्याहून जास्त छापतात. २००४ मध्ये पुन्हा काढलं तेव्हा ते इंग्लंडच्या खपाच्या यादीत १० व्या क्रमांकापर्यंत गेलं. पुढच्या वर्षी अमेरिकेतही १० व्याच. त्यापेक्षा वर ते कधी गेलं नाही. पण खालीही बसलं नाही. मे २०२४ मध्ये जाहीर झालं की ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर कधीच न पोहोचलेल्या गाण्यांमध्ये हे सगळ्यात जास्त खपलेलं आणि ऐकलं गेलेलं गाणं आहे. तोवर हा मान ओएसिसच्या 'वंडरवॉल'चा होता. क्यूनिंगच्या त्या जाहिरातीतला ओएसिस. विक्री आणि स्ट्रीमिंग मिळून आकडा ५५ लाखांच्या वर, आणि पहिल्या शंभरात काढलेले आठवडे चारशेहून जास्त. चारशे आठवडे म्हणजे जवळजवळ आठ वर्षं.

हे कसं शक्य झालं याला एक कोरडं कारणही आहे. पूर्वी गाणं दुकानातून गेलं की यादीतूनही जायचं. २०१४ पासून ब्रिटनच्या सिंगल्सच्या यादीत स्ट्रीमिंग मोजायला लागले, त्यामुळे जुनं गाणं घरी, गाडीत, पबमध्ये कुणी ऐकलं तरी ते मोजलं जातं. मग जुन्या गाण्यांनी यादी अडवून धरली, म्हणून २०१७ मध्ये नियम बदलला आणि जुन्या झालेल्या गाण्यांच्या स्ट्रीमना निम्मं वजन द्यायला सुरुवात झाली. म्हणजे या गाण्याला तेवढीच जागा टिकवायला नव्या गाण्याच्या दुप्पट ऐकलं जावं लागतं. आणि तेवढं ते ऐकलं जातं. मला हा आकडा वाचल्यावर आमच्या मालकांची दोन बोटं आठवतात. दर शनिवारी, शेकडो हॉलमध्ये, कुणीतरी कुणाच्या तरी खांद्यावर दोन बोटं टेकवतं. रविवारी सकाळी जागं झालेलं माणूस चहा पिताना तेच गाणं फोनवर परत लावतं. सोमवारी कामावर जाताना पुन्हा.

आता त्या रात्रीची गोष्ट, जी मला खरं तर पहिल्यांदा सांगायची होती.

इंग्लंडमधल्या बऱ्याच हॉलमध्ये भिंतीवर एक पेटी असते. छताला माईक, पेटीवर हिरवा, पिवळा आणि लाल दिवा. आवाज ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की पिवळा लागतो, मग लाल. लाल काही सेकंद टिकला की पेटी स्टेजकडच्या सॉकेटची वीज तोडते. शेजारच्या शेतकऱ्यांना झोप मिळावी म्हणून. साउंडवाल्याची अर्धी रात्र त्या दिव्यांकडे बघण्यात जाते. आमच्याकडे दहाला पोलीस येऊन बंद करा म्हणतात, इथं पेटी सांगते.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये अशाच एका कोठारात मी मिक्सरवर होतो. डीजे आजारी पडला होता, त्यामुळे गाणीही मीच लावत होतो. पावणेबाराला मालकांनी बोटं टेकवली. मी आवाज आधीच खाली घेऊन ठेवला, कारण मला ठाऊक होतं काय होणार. गिटार वाजली, हिरवा. लोक आत आले, पिवळा. मी आणखी खाली घेतलं. पहिलं कडवं सगळे एकत्र म्हणायला लागले, पिवळा, लाल, पिवळा. मी फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ, एवढा खाली घेतला की स्पीकरमधून आवाज येतोय की नाही हेही मला कळेना. तरी कोरसच्या पहिल्या शब्दाला लाल लागला आणि गेला नाही. आवाज आमच्या स्पीकरचा नव्हताच. तो माणसांचा होता, आणि माणसांना फेडर नसतो.

एक, दोन, तीन, चार. टक् असा आवाज झाला. मिक्सरचे दिवे गेले, स्टेजवरचे रंगीत दिवे गेले, ॲम्प्लिफायरच्या पंख्याचा घूं आवाज हळूहळू विझला. त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला. तासगावात वरातीत लाईट गेली की पहिला दगड कुठून येतो हे मी लहानपणी बघितलंय.

इथं काहीच झालं नाही. म्हणजे कुणी थांबलंच नाही. तुळयांवरच्या छोट्या पिवळ्या बल्बांच्या माळा वेगळ्या लाइनवर होत्या, त्या चालू राहिल्या, आणि त्या उजेडात सगळा हॉल गात राहिला. कोरस संपला. मग पहिलंच कडवं परत, कारण परत तेच असतं, कुणाला काही आठवायची गरज पडत नाही. लाकडी फरशीवर टाचांचा ठेका एवढा नेमका होता की ड्रमची उणीव भासली नाही. गिटारची धूनही लोक तोंडानं म्हणत होते. शेवटी शेवटी ती एक ओळ पुन्हापुन्हा येते तिथं नवरीमुलगी एका टेबलावर चढली, तिचा भाऊ खालून टेबल धरून उभा, आणि दोघं एकमेकांकडे बघून गात होते. पावणेचार मिनिटांचं गाणं त्यांनी पुरं म्हटलं. मग टाळ्या झाल्या. कुणासाठी, ते माहीत नाही. मी पेटीकडे बघितलं. लाल दिवा अजून लागलेला होता.

२०२४ च्या जुलैत हीच गोष्ट लंडनच्या ओटू अरीनात वीसेक हजार माणसांत झाली. किलर्सचा कार्यक्रम चालू होता आणि त्याच वेळी युरो कपचा उपांत्य सामना, इंग्लंड विरुद्ध नेदरलँड्स. नव्वदाव्या मिनिटाला ऑली वॉटकिन्सनं गोल केला. बँडनं कार्यक्रम थांबवून शेवटची मिनिटं पडद्यावर दाखवली, शिटी वाजली आणि त्याच सेकंदाला गिटारचे ते सूर. मी तेव्हा लीड्सच्या एका पबमध्ये होतो. व्हिडिओ फोनवर आला तेव्हा पबमधल्यांनी मालकाला टीव्हीचा आवाज बंद करायला लावला आणि माझ्या फोनभोवती उभं राहून गायले.

माझा मावसभाऊ अमेरिकेत ॲन आर्बरला असतो. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखावर माणसं बसतात. तिथं अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात तिसरा टप्पा संपून चौथा सुरू होताना काही वर्षं हे गाणं लावायचे, आणि खेळ सुरू करण्यासाठी मध्येच बंद करायचे. लोक बंद करायचे नाहीत. तो दरवर्षी मला एक व्हिडिओ पाठवायचा आणि खाली लिहायचा, "तुझी पेटी बघ."

आण्णा २०२३ च्या जूनमध्ये पहिल्यांदा इकडे आले. आईला यॉर्कमधली चर्चं बघायची होती, आण्णांना माझं काम. शनिवारी मी त्यांना घेऊन गेलो. मालकांनी त्यांना मिक्सरशेजारी खुर्ची दिली, चहा दिला. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं, पण स्पीकर कुठं ठेवायचा यावरून त्यांचं दहा मिनिटं हातवारे करून बोलणं झालं, आणि शेवटी मालकांनी एक बॉक्स आण्णा म्हणाले तिथं सरकवला.

पावणेबारा झाले. दोन बोटं या वेळी माझ्या खांद्यावर. मी गाणं लावलं. आण्णा गर्दीकडे बघत होते, मान किंचित वाकडी करून, जशी ते बॉक्समध्ये खरखर शोधताना करतात. पहिलं कडवं, कोरस, पुन्हा कडवं. ते माझ्या कानाशी वाकले.

"बाळ, ह्याला दुसरं कडवं न्हाई का रं? तेच म्हणाय लागलाय."

इंग्रजीचा एक शब्द येत नाही त्यांना. मी म्हटलं, "न्हाई आण्णा. लिहिलंच न्हाई त्यानं."

त्यांनी मान हलवली. थोडा वेळ ऐकलं. मग भिंतीवरच्या पेटीकडे बघितलं, पिवळा दिवा लागला होता. मला वाटलं ते विचारतील हे काय आहे. त्यांनी विचारलं नाही. हात पुढे केला, माझा हात बाजूला सारला आणि फेडर हळूहळू खाली घेत अगदी तळाला नेऊन ठेवला. स्पीकर गप्प झाले. हॉल गात होता.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "आता आपलं काम न्हाई हितं."

आणि खुर्चीतून उठून, गाणं चालू असतानाच, ते खाली वाकले आणि जवळची मोकळी पडलेली केबल गुंडाळायला लागले. एक वेढा सुलटा, एक वेढा उलटा.